ब्रीहिदा नर्सचं उशिराचं प्रमाणपत्र

ब्रीहिदा नर्स जात्याच हट्टी. "बत्तीस वर्षं मरणाऱ्यांच्या उशाशी बसले, आता कागदाचा चिटोरा मला काय शिकवणार? डोंबल!" असं म्हणत अंतकाळच्या रुग्णसेवेची परीक्षा तिनं दोनदा टाळली. तिसऱ्यांदा दवाखान्यानं दमच भरला. प्रमाणपत्र नसेल तर मॉर्फिनची बाटली घरोघर नेता येणार नाही. मग बसली मुकाट्यानं, सत्तावन्नाव्या वर्षी, चष्मा सावरत. पास झाली. काआसापा शहराच्या अलीकडच्या तिच्या गावानं तिला चिपाच्या, म्हणजे चीज घातलेल्या पावांच्या, टोपल्या भरभरून धाडल्या. ब्रीहिदाला एक घास गिळवेना.

कारण अभ्यासात तिला भलतंच कळलं होतं. कॅन्सरच्या दुखण्यात मॉर्फिन घड्याळ लावून द्यायचं असतं, कळ उठायच्या आधी. आणि ही बया आजवर काय करायची? बाटली कुलपात ठेवायची, माणूस किंचाळला की थेंबभर द्यायची, वर घरच्यांना बजावायची, "सवय लागते हो. नशेत मेला तर देवापुढं कुठल्या तोंडानं उभा राहील?" गावाला ते पटायचं. सगळे तिला पुण्यवान म्हणायचे.

आता फेलिसाची पाळी होती. फेलिसाच्या लेकीची ब्रीहिदा धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. रोग फेलिसाच्या हाडांत उतरला होता. भर दुपारी ब्रीहिदा बाटली घेऊन गेली, तर ही ओठ घट्ट मिटून पडलेली.

"उघड तोंड, कोमाद्रे."

"नको. अनास्तासियोनं सोसलं, मीही सोसेन. तुझ्यामुळं तो शुद्धीत गेला. तुझे उपकार विसरले नाही मी."

अनास्तासियो म्हणजे तिचा नवरा. चार वर्षांपूर्वी तीन आठवडे ओरडून ओरडून गेला. ब्रीहिदाच उशाशी होती.

ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण मग ही बाईही तशीच ओरडत जाणार होती.

"फेलिसा, माझं चुकलं," ती म्हणाली. "मला येत नव्हतं गं. तो उगीच ओरडला. वेळेवर औषध दिलं असतं तर शांत झोपला असता, तुझ्याशी चार शब्द बोलला असता. यात नशा नाही, पाप नाही, काही नाही."

तेवढ्यात फेलिसाला कळ आली. घामानं निथळली बिचारी. मग तिनं तोंड उघडलं. ब्रीहिदानं औषध मोजून दिलं.

तासाभरानं फेलिसाचा चेहरा सैल पडला. "दुखत नाही," ती नवलानं म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "एवढंच होतं? मग माझा माणूस का ओरडत होता गं?"

ब्रीहिदानं बाटलीला बूच लावलं.

"पुढच्या वेळी दुसरी नर्स धाड," म्हणून फेलिसानं भिंतीकडं तोंड केलं.

पण त्या टापूत प्रमाणपत्रवाली नर्स एकच होती. चार तासांनी ब्रीहिदाच परत आली, आणि फेलिसानं तिच्याकडं न बघता तोंड उघडलं.