सुमनताईंचं चुकलेलं माप

सुमनताई कधीकधी रिकामं मशीन चालवायच्या. सुईत दोरा नाही, सुईखाली कापड नाही, आणि पाय मात्र सपासप चाललेले. गुलमंडीच्या मागच्या बोळातलं त्यांचं ब्लाउजचं दुकान सहा पावलांत संपायचं. मागे कपडे घालून बघायची एक खोली होती. तिला पडदा नव्हता, दार होतं आणि दाराला आतून कडी. त्या खोलीत बसून मी मोबाइलवर डॉक्टरांशी बोलायचे. माझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ते मशीन.

माझ्या नवऱ्याला एचआयव्ही आहे. घरात हे आम्हा दोघांनाच माहीत. तो गोळ्या घेतो, पण चितेगावच्या कंपनीत पाळ्या बदलल्या की चुकवतो, आणि विचारलं की अंगावर येतो. मला लागण नाही. ती होऊ नये म्हणून रोज घ्यायची एक गोळी असते, हे मला त्याच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरनं हळूच सांगितलं. इथं रांगेत उभं राहायची माझी हिंमत नव्हती, गल्लीतलं कोण भेटेल सांगता येत नाही. पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई व्हिडिओवर बोलतात, रक्ताचे रिपोर्ट फोनवर बघतात, गोळ्या कुरिअरनं पाठवतात. सगळं घरबसल्या. पण ज्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसं, तिथं घरबसल्या बसायचं कुठं?

पहिला फोन आला तो ठरल्या वेळेच्या आधीच, मी त्या खोलीत ब्लाउज घालून बघत असताना. हळू बोलले, तरी सुमनताईंनी सगळं ऐकलं. बाहेर आले तेव्हा त्या मशीन थांबवून बसल्या होत्या. आता ही बाई गल्लीभर करणार आणि आपण संपलो, एवढंच डोक्यात. त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि म्हणाल्या, "लई मोठ्यानं बोलतीस पोरी. पुढच्या टायमाला मी मशीन चालू ठेवीन. ते थांबलं की तू बी थांब." त्यापलीकडे एक प्रश्न नाही.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि डॉक्टरांशी बोलायचं, शिवाय दर महिन्याला गोळ्या घ्यायला जायचं. पण सारखी शिंप्याकडे जाणारी सून सासूबाईंना कशी चालावी? त्यावर सुमनताईंनी तोड काढली. त्या मुद्दाम माझं माप चुकवू लागल्या. कधी बाही घट्ट, कधी गळा खांद्यावरून उतरणारा. मग दुरुस्तीला जावंच लागे. पाव इंचाची चूक न करणारी बाई ही. कात्री लावण्याआधी "मापाचं ऐकायचं, मनाचं नाय" असं पुटपुटायची त्यांना सवय होती. माझं कापड कापताना मात्र त्या काहीच पुटपुटत नसत. गोळ्यांचं पार्सलही त्यांच्याच नावावर येई आणि ब्लाउजच्या घडीत घालून त्या ते मला देत. सासूबाई चार बायकांत सांगत सुटल्या की सुमनचा हात गेला. दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं खरंच तुटली. मला लाज वाटायची, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती, म्हणून मी गप्प राहिले.

एकदा मशीन थांबलं. डॉक्टर या गोळीसाठी करायच्या मूत्रपिंडाच्या तपासणीबद्दल सांगत होत्या. मी फोन बंद करून छातीशी दाबला. बाहेर सासूबाई विचारत होत्या, एका ब्लाउजला इतका वेळ का, दार उघडा, काय बिघडलंय ते मीच बघते. दार हललं. कडी जुनी होती. आज सगळं बाहेर येणार, आणि घरात रोग आणला कुणी म्हणून माझंच नाव घेतलं जाणार, हे मला दिसायला लागलं. मग सुमनताईंचा शांत आवाज आला.

"आत बाई उघडी हाय, आक्का. चूक तिची नाय, माझी हाय. तुम्ही बसा, आन काय बोलायचं ते मला बोला."

सासूबाई बोलल्या. नको नको ते बोलल्या. सुमनताई व्हय, व्हय म्हणत ऐकत राहिल्या.

नंतर मी त्यांना विचारलं, माझ्यासाठी एवढं कशाला. "माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या नवऱ्याचं येळेवर कुणी सांगितलंच नाय," म्हणाल्या आणि हुक लावायला बसल्या.

या हिवाळ्यात त्या गेल्या. हृदयाचा झटका आला आणि दोन दिवसांत संपलं. मी रडले ते निम्मं त्यांच्यासाठी, निम्मं माझ्यासाठी. डॉक्टरांचा पुढचा फोन दहा दिवसांवर, शुक्रवारी होता. दुकान आता त्यांची सून बघते. तिनं मला एक पिशवी दिली, त्यात सुमनताईंनी शिवून ठेवलेला माझा ब्लाउज होता. "खोली हाय तशीच हाय," एवढंच ती खाली बघत म्हणाली.

घरी येऊन मी तो घातला. अंगावर चोपून बसला. बाही, गळा, बगल, कुठं सूतभर चूक नाही. असा ब्लाउज त्यांनी मला कधीच दिला नव्हता. एकदा तरी हिला नीट शिवून द्यावं असं त्यांना वाटलं असेल. मला मात्र शुक्रवार आठवला. नीट बसलेला ब्लाउज घेऊन दुरुस्तीला जायचं कसं?

मी दार लोटून घेतलं आणि ब्लेडनं बगलेची शिवण चार बोटं उसवली. टाके इतके बारीक आणि घट्ट की निघता निघेनात. मग तो सासूबाईंना नेऊन दाखवला आणि शुक्रवारी दुरुस्तीला जाऊ का विचारलं. त्यांनी उलटापालटा करून बघितला.

"मरंपर्यंत हात सुधारला नाय बाईचा," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी जा आन तिच्या सुनंकडनं नीट करून आण."

मी व्हय म्हणाले.