हलू नका, पोझ बिघडेल

"हे पातळ नको," पाहुणे म्हणाले. "हिला काहीतरी फाटकं द्या."

हिला म्हणजे मला. मी समोरच स्टुलावर बसले होते. पांढरं पातळ, निळे काठ. पहिल्या पगारात घेतलेलं. मुंबईचे मोठे चित्रकार बोटीने रत्नागिरीला येणार, सगळ्या गावासमोर चित्र काढून दाखवणार आणि त्या चित्रात मी असणार. म्हणून मी रात्री ते पातळ घडी करून उशाखाली ठेवलं होतं, सुरकुती पडू नये म्हणून. केसांत अबोलीचा वळेसर होता. आयेने माळून दिला होता.

माईताई पिशवी घेऊन तयारच होत्या. माईताई म्हणजे गावच्या कलामंडळाच्या अध्यक्षांच्या, दादासाहेबांच्या सूनबाई. पिशवीत विटकं लुगडं होतं, खांद्यावर चांगलं वीतभर फाटलेलं. "आमच्या गड्याच्या बायकोचं आहे. धुतलंय हो," त्या म्हणाल्या.

जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत जाऊन मी ते नेसले. हो, नेसले. बाहेर आले तर पाहुण्यांनी केसांकडे बघून मान हलवली. अबोली पण काढली.

मग त्यांना माझा चेहरा उजेडाकडे हवा होता. "मान वर," म्हणाले. मी केली. त्यांना हवी तेवढी झाली नसावी. ते जवळ आले आणि ब्रशच्या दांडीने त्यांनी माझी हनुवटी वर केली. हाताने नाही. दांडीने. बाजारात मासा उलटा करून बघतात तशी.

हॉल भरलेला होता. कुणाला त्यात काही वाटलं नाही. दादासाहेब तर पहिल्या रांगेत हसत होते.

"गालाची हाडं बघा," पाहुणे लोकांना समजावत होते. "या लोकांची अशीच असतात. आणि डोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचं दुःख."

माझ्या डोळ्यांत तेव्हा कसलंही दुःख नव्हतं. पायाला मुंग्या आल्या होत्या.

अर्धं चित्र झालं आणि चहा आला. सगळे उठले, पाहुणेही. कपबश्या वाजल्या, नानकटाई फिरली. मीही उठायला गेले, तेवढ्यात दादासाहेब ओरडले, "हलू नको, पोझ बिघडेल!" मी तशीच राहिले, हनुवटी वर करून. सगळ्या गावाचा चहा होईपर्यंत.

हे वाक्य मला नवीन नव्हतं, मंडळात दर रविवारी ऐकत होते. मी मंडळाची सभासद होते. मॉडेल नव्हे, सभासद. पोरांना शिकवत होते, चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा पास होते. शाळेत मला सगळे बाई म्हणत. दादासाहेब स्वतः शाळेत येऊन म्हणाले होते, "आमच्या कलामंडळात हरिजन सभासद हवाच." तरुणपणी ते कधीतरी सगळ्या जातींच्या सहभोजनाच्या पंगतीला बसले होते. ते जेवण त्यांना अजून पचलेलं नव्हतं. दर सभेत त्याची ढेकर यायची.

मंडळाची एक पद्धत होती. दर रविवारी सभासदांपैकी एकाने स्टुलावर बसायचं, बाकीच्यांनी त्याला काढायचं. पुढच्या रविवारी दुसऱ्याने. आळीपाळीने. मला ही पद्धत फार आवडली होती. इथे सगळे सारखे, असं मला वाटलं होतं. मी नवी म्हणून पहिल्या रविवारी मी बसले.

पुढच्या रविवारी दादासाहेबांची पाळी होती. मी पेन्सिलीला टोक काढून, कागद फळीला लावून गेले. दादासाहेब कमरेवर हात ठेवून उभे. "कंबर धरलीय गो. आज तूच बस." मी बसले. त्याच्या पुढच्या रविवारी पोस्टमास्तरांना पडसं होतं. मग कुणाला काही व्हायचं बंद झालं. मी दारात दिसले की स्टूल खिडकीजवळ सरकायचं. माझा कागद फळीवर तसाच कोरा, आणि घरी जाताना मी तो तसाच गुंडाळून न्यायची.

मी एकदा धीर करून म्हटलं, "एखाद्या रविवारी माईताई बसतील का?"

दादासाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घाण बोलले. "घरंदाज बायका अशा परपुरुषांसमोर बसतात का?"

मी परत स्टुलावर बसले. तो शब्द मात्र घरी माझ्याबरोबर आला. घरंदाज. म्हणजे मी कोण?

पाहुण्यांचं चित्र झालं. चांगलं झालं, खोटं कशाला बोलू? मंडळाने ते चौकटीत घालून हॉलमध्ये लावलं. गावभर नाव झालं. आये म्हणाली, "मना पन दाकव." माझी आये पूर्णगडच्या बाजूची, तिला अक्षरओळख नव्हती. मी तिला शाळा सुटल्यावर घेऊन गेले. जिना चढून ती धापा टाकत चित्रासमोर उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मला वाटलं खूश आहे.

"ह्या लुगडा कुनाचा?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"मी तुला फाटक्यात कंदी धाडली गो?"

या बाईने स्वतः ठिगळं लावली, पण मला शाळेत कधी फाटक्या कपड्यात पाठवलं नव्हतं. बाप मुंबईला गोदीत ओझी उचलत होता, तो गावी येताना स्वतःला काही आणायचा नाही, मला परकर-पोलक्याचं कापड आणायचा. ते सगळं त्या चित्राने एका फटक्यात पुसून टाकलं होतं.

"खाली काय लिवलाय?"

मी वाचलं. "हरिजन कन्या."

"आनि तुजा नाव?"

नव्हतं. चित्रकाराची सही होती, ऐटीत. माझं नाव कुठेही नव्हतं.

खाली उतरताना आये जिन्यात थांबली. "ते सगले तुला काडतात. मंग तू कुनाला काडतेस?"

त्या रात्री मी रडले नाही. मला राग आला. खरा राग, पोटातून येतो तो. आधी स्वतःचा, मग त्यांचा. स्वतःचा राग सकाळपर्यंत गेला. त्यांचा अजून आहे.

पुढे आमच्या वस्तीने धर्म सोडला. माणसं घरातले देव टोपलीत घालून खाडीवर घेऊन गेली. आयेनेही नेले, तिच्या सासूने दिलेले. पाण्यात सोडण्याआधी तिने ते एकदा पदराने पुसले, मग सोडले. परत येताना मला म्हणाली, "देव बुडवलाव आमी. आनि तू त्या मान्सांना भितेस?"

मी मंडळात जाणं सोडलं नाही. लोकांना वाटलं, ही लाचार आहे. वाटू दे म्हटलं. मी स्टुलावर बसत राहिले, पण आता बसून बघायला लागले. आणि काय सांगू, त्या स्टुलावरून दिसतं तसं कुठूनच दिसत नाही! माणूस चित्र काढताना त्याला वाटतं फक्त आपणच बघतोय. पोस्टमास्तरांची जीभ बाहेर यायची. कुणी एक डोळा मिटून पेन्सिल माझ्यावर बंदुकीसारखी रोखायचा. कुणाची नजर कागदापेक्षा माझ्या पदरावरच जास्त. आणि दादासाहेब. त्यांचा खालचा ओठ उजवीकडे ओढला जायचा, भुवया वर, नाकपुड्या फुगलेल्या. समोरचा माणूस आपला आहे, आपण विकत घेतलाय, असा चेहरा. मी तो पाठ केला. घरी येऊन चुलीतल्या कोळशाने जमिनीवर काढायची, पायाने पुसायची, परत काढायची. आये भाकरी थापता थापता बघायची आणि म्हणायची, "अजून त्येचा नाक बरा येतंय. जरा वाईट काड." मी वाईट काढायची नाही. जसं होतं तसं काढायची. तसंच पुरेसं होतं.

मंडळाचा वार्षिक समारंभ आला. तेच पाहुणे परत बोटीने आले. तोच हॉल, तेच स्टूल. भिंतीवर मी, फाटक्या लुगड्यात. गावातली झाडून सगळी मोठी माणसं आली होती, मामलेदारसाहेब पहिल्या रांगेत.

दादासाहेबांनी भाषण केलं. सहभोजनाची ढेकर आलीच. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "आमच्या मंडळात भेदभाव नाही. ही आमची हरिजन भगिनी. सर्वांच्या बरोबरीने इथे बसते." टाळ्या. "ये गो, पाहुणे थांबलेत."

मी उठले. पांढरं पातळ, निळे काठ, केसांत अबोली. माईताई पिशवी घेऊन पुढे आल्या, मी त्यांच्या बाजूने निघून गेले. स्टुलाजवळ गेले नाही. चित्राची फळी होती तिथे गेले आणि कोळशाची कांडी उचलली.

"बरोबरीने बसते असं दादासाहेब म्हणाले," मी लोकांना म्हटलं. माझा आवाज शाळेतला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "पण इथे पाळीपाळीने बसायची पद्धत आहे आणि दादासाहेबांची पाळी कधीपासूनची राहिलीय. आज त्यांनी बसावं. मी काढते."

दादासाहेबांचा हात कमरेवर गेला.

पाहुण्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना गंमत वाटली. "वा! बसा की दादासाहेब! अध्यक्षांपासूनच सुरुवात होऊ दे." मामलेदारसाहेब हसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्ताच भेदभाव नाही असं बोलून झालं होतं, आता पळणार कुठे? ते स्टुलावर बसले. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, ते डुगडुगतं. मला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

"मान वर," मी म्हटलं.

त्यांनी केली. मला हवी तेवढी होती खरं तर. तरी मी पाहुण्यांचा ब्रश उचलला आणि त्याच्या दांडीने त्यांची हनुवटी आणखी वर केली.

पाहुण्यांनी तो ब्रश ओळखला. त्यांनी नजर खाली घातली.

मी काढायला लागले. हात जराही अडला नाही. ओठ, नाकपुड्या, गळ्याखालची सैल कातडी. मला काय वाटत होतं ते लपवत नाही. बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला, तोही मी काढला. माईताई चहाचा कप घेऊन लगबगीने आल्या. "मामंजी, घोटभर घ्या." दादासाहेबांचा हात वर आला.

"हलू नका," मी म्हटलं. "पोझ बिघडेल."

हात खाली गेला. चहा तिथेच निवला.

चित्र झालं. त्यात व्यंग नव्हतं. हुबेहूब दादासाहेब होते. फक्त एक गोष्ट जमिनीवरच्या चित्रांत कधी नव्हती, ती त्या दिवशी आली. डोळ्यांत भीती. दुसरं कुणी आपल्याकडे बघतंय, याची भीती. मी खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'ब्राह्मण पुरुष'. त्याखाली माझं नाव घातलं. फळी लोकांकडे फिरवली.

दादासाहेब उठताना स्टूल आडवं झालं. "हे काय लिहिलंस? मला नाव नाही? माझं नाव अख्ख्या गावाला ठाऊक आहे!"

"माझं वर्गातल्या पोरांनाही ठाऊक आहे," मी म्हटलं आणि भिंतीकडे बोट केलं. "तुम्हाला का नव्हतं?"

"बाई, हे अति झालं," पाहुणे म्हणाले. बाई! पहिल्यांदाच. वर्षापूर्वी मी 'ही' होते, आता 'बाई' झाले.

मी कागद काढला, गुंडाळला आणि जिना उतरले. या खेपेला तो कोरा नव्हता.

मंडळातून माझं नाव कमी झालं. शाळाखात्यात कुणीतरी शब्द टाकला असावा. लांज्याच्या पुढे, एस.टी.ही धड जात नाही अशा गावी बदली झाली. आये म्हणाली, "चल. पोरा तितं पन हायतच." गेलो. त्या शाळेत मी पोरांना एकमेकांची चित्रं काढायला लावायची. आज बसला त्याने उद्या काढायचं. आणि खाली नाव लिहायचं, जो बसला त्याचं आधी.

बऱ्याच वर्षांनी माईताई तिथे आल्या. केस पिकलेले, धुळीने माखलेल्या. दादासाहेब वारले होते. मी खुर्ची दिली, गरम चहा दिला. त्या रडायला लागल्या. "त्यांचा एकही फोटो धड नाही हो. सगळ्यांत कसे ताठ, परक्यासारखे. तुमच्या त्या चित्रात मात्र ते होते. घरात लावायला द्याल का? खालचं अक्षर हवं तर आम्ही कापून टाकू."

मला त्यांची कीव आली. खरंच आली. तरी मी म्हटलं, "हॉलमध्ये मी अजून टांगलेली आहे का?"

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणजे मी होते अजून.

"आधी त्या चित्राखालचं ते अक्षर काढा. तिथे माझं नाव लावा. मग हे घेऊन जा, कापून नाही, असंच."

"ते आता मंडळाचं आहे. मी कशी सांगू त्यांना? एवढी वर्षं झाली बाई, अजून मनात धरून बसलात?"

"तुम्हीच बसवलंत," मी म्हटलं. "मला बसायची सवय आहे."

त्या तशाच गेल्या. बस सुटेपर्यंत मी फाट्यावर उभी होते. मला वाईट वाटलं, पण मी हाक मारली नाही.

चित्र माझ्या ट्रंकेत आहे. कोळसा उडू नये म्हणून वर तलम कागद घातलाय. दादासाहेब तिथे मान वर करून बसलेत, चहा न घेता. मुलीला सांगून ठेवलंय, मी मेले तरी ते बाहेर काढायचं नाही. त्या हॉलमधल्या चित्राखाली माझं नाव लागेपर्यंत नाही.

तुम्हालाही मी माझं नाव इथे सांगितलेलं नाही. आधी तिथे लिहा.