माझ्या वजनाचा धोंडा

शंकरपटात बैलजोडी हाकायला हलका माणूस लागतो. छकडी म्हणजे नुसती दोन चाकं आणि दांडी. तिच्यावर जड गडी बसला की शेवटच्या टप्प्यात जोडी मागे पडते. आमची जोडी चांगली होती आणि मी हलका होतो. नवव्या वर्षी माझ्या हातात कासरे आले. पहिल्याच पटात जोडी पहिली आली, वडिलांना पागोटं मिळालं आणि माझं जेवण गेलं. हे मी अजूनही रागानेच लिहितो आहे.

मलकापूरला जाणारा कापूस मोजायचा मोठा काटा आमच्या ओसरीत टांगलेला असे. त्या पटानंतर वडिलांनी मला एका पारड्यात बसवलं आणि दुसऱ्यात दगड ठेवून ठेवून बरोबर माझ्याइतका भरणारा धोंडा शोधून काढला. वर्षं सरली तरी धोंडा तेवढाच, आणि मी तर वाढणारं पोर! दिवाळीनंतर दर सोमवारी वेचणाऱ्या बाया कापूस मोजून गेल्या की माझी पाळी. माझं पारडं खाली गेलं की संध्याकाळची भाकर बंद. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, राज्य साहेबाचं होतं. आमच्या घरात मात्र काट्याचं होतं.

पटाचे दिवस नेमके हुरड्याचे. सगळे आगटीभोवती बसून गरम हुरडा फुंकून फुंकून खायचे, आणि मी बांधावरून बैल फिरवायचो. बैलांना सरकी, ढेप, वर कणकेचे गोळे. एकदा त्यातला एक मी तोंडात टाकला आणि भीतीने न चावताच गिळला.

माय चोरून तिळाचा लाडू आणायची. "खाय ना रे, तुहा बाप पाहून नाही राह्यला."

"काटा तं पाहते ना, माय."

मग ती लाडू पुन्हा पदरात बांधायची. माझ्यावर पहारा ठेवायची वडिलांना गरजच नव्हती, तो मीच ठेवत होतो.

सोडून द्यायचं होतं, म्हणाल. पण मोताळ्याच्या बाजारात कुणी "जोडी हाकते तो हाच का तुमचा पोट्टा?" असं विचारलं की वडील छाती काढून "हाव" म्हणायचे. एरवी ते माझ्याशी धड बोलतही नसत. त्या एका शब्दासाठी मी पुढचा सोमवार काढायचो.

तेराव्या वर्षी आवाज फुटला, हाडं रुंदावली. पट आठ दिवसांवर होता. दोन दिवस उपाशी राहूनही माझं पारडं जमिनीला टेकलं.

"काऊन बे, काय खाऊन राह्यला तू?"

"काहीच नाही, बाबा."

"मंग धोंडा हलका झाला का?"

माय चुलीपासून उठून आली. "पोरगं वाढून राह्यलं. त्याले जेवू द्या," ती म्हणाली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. आता आठही दिवस उपाशी काढायचे, हे मला कळून चुकलं. माझा आठ वर्षांचा धाकटा भाऊ दारात उभा राहून गंमत बघत होता.

"याले बसवून पाहा," मी म्हणालो.

आणि मीच त्याला उचलून पारड्यात ठेवलं. तो पाय हलवत हसत होता. त्याचं पारडं वर गेलं तसे वडीलही हसले.

त्या संध्याकाळी मायने माझ्यापुढे तीन भाकरी आणि वांग्याची भाजी ठेवली. भावाच्या ताटात, वडिलांच्या हुकुमाने, अर्धीच. ती संपवून तो माझ्या कानाशी आला.

"भाऊ, मले अजून भूक लागली."

माझ्या हातात घास होता. त्याचं वजन वाढलं तर पारड्यात पुन्हा मीच, एवढंच माझ्या डोक्यात आलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण मी त्याला तुकडा दिला नाही. तिन्ही भाकरी मी खाल्ल्या, आणि त्या मला गोड लागल्या.