कॅनमधली बाळं

त्या आठवड्यात माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. आणि ज्या काळजीनं लागला नाही, ती मिटवायला मी जे काही केलं ते ऐकलंत तर तुम्ही म्हणाल, ही बाई खरंच शिकलेली आहे का? आहे हो! बी.ए. आहे, तेही मानसशास्त्र घेऊन. तिथंच तर घोळ झाला.

काळजी अशी. माझं दुसरं लग्न होऊन महिना होत आला होता. पहिले यजमान गेले तेव्हा माझी सई दीड वर्षाची. पुढची साडेतीन वर्षं आम्ही मायलेकी शिरूरला, माझ्या माहेरी. मग कासुर्डीचं हे स्थळ आलं. साधा माणूस, दूध संस्थेत जनावरांचं बघणारा. डिग्री नव्हती, पण गावात सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. माझे वडील, आबा, लग्नाला तयार झाले, पण अट घालूनच.

"एक महिना बघू. पोरगी रमली तर ठीक. न्हाई रमली तर मी तिला शिरूरला घिऊन जाणार, आन् तू इथं सुखानं नांद."

सुखानं! पोरीशिवाय!

आता येत्या रविवारी आबा यायचे होते. आणि सई? सईचं ठाम मत झालं होतं की घरातला हा नवा माणूस माणूसच नाही.

"मग कोण आहेत ते?" मी हसत विचारलं. तेव्हा अजून हसत होते मी.

"ते मला कळलं नाही अजून," ती म्हणाली. "पण माणसं एकच हात धुतात का?"

आता माझं हसू थांबलं. कारण ते खरं होतं. उजाडायच्या आत कुणीतरी अंगणातून हाक मारायचं, "डाक्टर, चला लवकर!" की हे चहा न घेता मोटारसायकलवर बसून गडप. परत आले की मोरीत उभे राहून डावा हात साबणानं घासत बसायचे. बोटांपासून थेट खांद्यापर्यंत! उजव्याला फक्त पाणी दाखवायचे.

"आणि त्यांच्या खोलीत हंडा आहे. त्यात धूर राहतो."

हंडा नव्हे, कॅन. अ‍ॅल्युमिनियमचा, अरुंद गळ्याचा, वर जाड बूच. लग्न झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मला एवढंच सांगितलं होतं, "त्याला हात लावू नको. गार असतं." मी समजले, औषधं असतील बर्फात ठेवलेली. पुढं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. नवी बायको आणि लाजरा नवरा, दोघं मिळून अज्ञान किती काळजीनं जपतात बघा.

पण सोमवारी सई शेजारच्या म्हादूआप्पांच्या गोठ्यावरून धावत आली. पांढरीफटक!

"आई! त्यांचा हात गाईत होता!"

"गाईवर असेल गं."

"गाईत! मागून! अख्खा! आणि तोंडात लांब सुई धरली होती. दातात!"

"मग गाय काही बोलली का?"

"ती शेपूट हलवत उभी होती. तिला पण भीती वाटली असेल."

रात्री जेवताना मी यांना म्हटलं, "अहो, पोरीनं काहीतरी बघितलंय. तिला जरा समजावून सांगा ना, तुम्ही काय करता ते."

यांचे कान लाल झाले. घास तसाच हातात. "मी? पाच वर्साच्या पोरीला? आगं… जनावराचं असतंय ते. तूच सांग. तू शिकलेली हायेस."

झालं! शिकलेली म्हटलं की मला चेव येतो. मला तरी नीट कुठं माहीत होतं? कृत्रिम रेतन हा शब्द पंचायतीच्या भिंतीवर वाचलेला, तेवढ्या भांडवलावर मी दुसऱ्या दिवशी सईला मांडीवर घेतलं आणि अगदी सोप्या, शास्त्रीय, मुलांना झेपेल अशा भाषेत सांगितलं.

"हे बघ, ते वाईट काही करत नाहीत. ते गाईला बाळ देतात."

सई विचारात पडली. "कुठून आणतात बाळ?"

"त्या कॅनमधून."

बोलले आणि मला फार बरं वाटलं. किती सोपं केलं मी! सई मात्र हळूच मांडीवरून उतरली.

"म्हणजे बाळं त्यात कोंडून ठेवलीत?"

"अगं, तशी नव्हे…"

"धुरात? बूच लावून?"

"ती अजून बाळं झालेली नसतात गं!"

"मग आधी कोण असतात?"

आता सांगा! विद्यापीठाच्या कुठल्या पेपरात आला होता हा प्रश्न?

त्या दिवसापासून सई यांच्या सावलीलाही उभी राहीना. हे ओट्यावर आले की ती परसात. झोपताना स्वतःच्या वेणीची रिबीन माझ्या पदराला गाठ मारून बांधायची. का, तर तिला कॅनमध्ये टाकायला नेलं तर मला ओढ बसून जाग यावी! मी कूस वळले की तिची वेणी ओढली जायची, ती किंचाळायची, हे पलीकडून विचारायचे, "काय झालं?", की ती दुप्पट किंचाळायची. बिचारे शेवटी पडवीत झोपायला गेले. रविवार दोन दिवसांवर आला होता.

आणि तेव्हाच पेपरच्या पुरवणीत मला तो लेख सापडला. मुलांची भीती हसण्यावारी नेऊ नका, त्यांचा हात धरून त्यांना भीतीच्या मुळाशी न्या, ते उघडून दाखवा. वाचून अंगावर काटा आला. हा लेख माझ्यासाठीच होता!

रविवारी हे आबांना आणायला यवतच्या स्टँडवर गेले. जाता जाता अंगणात बसलेल्या म्हादूआप्पांना सांगून गेले, "आप्पा, पाव्हणं घिऊन आलोच. मग गाईकडं जाऊ." त्यांची गाय माजावर आली होती, सकाळपासून हंबरत होती म्हणे.

माझ्या हातात अर्धा तास होता. मी सईचा हात धरला.

"चल. आपण कॅन उघडून बघू. आत बाळबीळ काही नाही."

"नको आई."

"मी आहे ना!"

गार असतं, हे लक्षात होतं माझ्या. तेवढी सावध आहे मी. म्हणून खुंटीवरचा यांचा लांबलचक प्लास्टिकचा हातमोजा घेतला आणि डाव्या हातात खांद्यापर्यंत चढवला. आत काही दिसलं तर उचलून दाखवायला चिमटा घेतला. बूच घट्ट होतं, दोन्ही हात लागणार, म्हणून चिमटा धरला दातात. सई दारातून एकटक बघत होती. मला वाटलं, पोरगी धीट होतेय.

बूच निघालं. आणि आतून पांढरा धूर वर आला, कडेवरून सांडला, माझ्या पायांवर पसरला. कसला भयंकर गार! सई धूर म्हणायची, पण मला ती पोरीची कल्पनाच वाटली होती! माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. धूर म्हणजे आग.

शेजारी पाण्याचा तांब्या होता. ओतला की मी आत!

बाई गं! फस्सकन असा आवाज झाला, पाण्याचा फवारा छतापर्यंत उडाला, खोलीभर ढग. मी मागं उडी मारली ती नेमकी कॅनला लाथ घालून. कॅन आडवा झाला, आतलं सगळं फरशीवर, आणि त्याचे थेंब तव्यावरच्या पाण्यासारखे तुरुतुरु माझ्याच अंगावर धावायला लागले. मी "उँऽऽ उँऽऽ" करत बाहेर पळाले. ओरडता येईना, दातात चिमटा!

तुम्ही जरा डोळ्यांसमोर आणा. दारातून पांढरे लोट निघतायत. त्यातून एक बाई येतेय. केस सुटलेले, दातात लोखंड, एक हात खांद्यापर्यंत चकाकतोय, आणि तो हात ती आपल्या लेकीकडं पसरतेय.

म्हादूआप्पांनी पायताण तिथंच सोडलं आणि गोठ्यामागं पळाले. सईनं जी आरोळी ठोकली ती हायवेपर्यंत गेली असेल. ती फाटकाकडं सुटली, आणि नेमके तेव्हाच हे मोटारसायकल आत घेत होते, मागं आबा पिशवी धरून. सई आबांच्या पुढून गेली. तिनं आबांकडं बघितलंसुद्धा नाही! थेट यांच्यावर झेप घेतली आणि गळ्याला मिठी मारून बसली.

यांनी तिला उचललं. दुसऱ्या हातानं माझा मोजा काढून आधी बोटं तपासली. "भाजलं न्हाई ना?" मग आत डोकावून बघितलं, आणि मटकन ओट्यावर बसले. पोरगी गळ्यातच.

"समद्या कांड्या गेल्या," ते हळूच म्हणाले. वळूच्या बीजाच्या नळ्या त्या, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या; हे मला तेव्हा कळलं.

गोठ्यामागून आवाज आला, "मंग माझ्या गाईनं काय करायचं, वैनी?"

आबांनी या दोघांकडं बघितलं. मग पिशवी खाली ठेवली. "हिला न्यायचं कसं आता? ही तर डॉक्टरला सोडंना." आणि माझ्याकडं वळून, "तुला न्यावं लागंल बहुतेक."

मला हसावं की रडावं कळेना. महिनाभराची काळजी मिटली होती! मी डोळे पुसत जवळ गेले, म्हटलं, "सई, ये माझ्याकडं. बघ, मीच आहे."

सईनं यांच्या मानेमागून माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मग यांच्या कानाशी तोंड नेऊन, महिन्यात पहिल्यांदाच आपणहून बोलली.

"अहो, दुसरे बाबा मिळतात, तशी दुसरी आई मिळते का?"