पिठातल्या पावलांचा भुंगा

हे गेले तेव्हा आम्ही लंडनजवळ पिनरला मुलाकडे राहत होतो. फ्यूनरलची तारीख मिळायला वेळ लागला. ते झालं त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये ताटात पीठ पसरून मधे दिवा ठेवला आणि वर कपड्यांची वेताची बास्केट पालथी घातली. सकाळी पिठात ज्याची पावलं दिसतील, त्याच्या जन्माला माणूस गेला असं आमच्याकडे मानतात.

"धुराचा अलार्म वाजेल हं आई," सून म्हणाली. मी वात बारीक केली.

सकाळी बास्केट उचलली. पिठात बारीक ठिपके होते आणि दोन्ही बाजूंनी काहीतरी ओढत नेल्यासारख्या रेघा. ताटाच्या काठावर एक भुंगा बसला होता. अंगठ्याएवढा, राखाडी. मिशा अंगाच्या दुप्पट लांब. मी बघत राहिले. रडू आलं नाही.

"अहो आई, हात नका लावू, चावेल!"

मुलाने वर डबा उपडा घातला, फोटो काढला आणि केंब्रिजच्या मित्राला पाठवला. त्याचं काम किड्यांचंच. त्याचा फोन आला. तो ठेवून मुलगा म्हणाला,

"आई, हा इथला नाहीच. साऊथ अमेरिकेतला लॉन्गहॉर्न आहे, लाकूड पोखरणारा. बाबांच्या स्टुलातून निघाला."

ते स्टूल म्हणजे सालीसकट ओंडकाच होता. ह्यांनी हौसेने आणलेला. दाराशी त्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधायचे. आतून कुरकुर आवाज यायचा. "अगं ऐक, आत कोणीतरी पापड खातंय," म्हणायचे. मुलाने स्टूल उलटं केलं. खाली गोल भोक होतं, ताजा भुसा पडला होता.

"बाहेर सोडायचा नाही, मित्र म्हणाला. फ्रीझरमध्ये ठेवा, वीकेंडला नेतो. भुंग्याला काही कळत नाही म्हणे. झोपेतच जातो."

"पिठात काय दिसलं आई?" सुनेने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

ह्यांना थंडी अजिबात सोसायची नाही. जूनमध्येही मफलर. दोन दिवस स्वयंपाकघरात राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. डबा खवलेल्या नारळाच्या पिशवीशेजारी ठेवला गेला. फ्रीझरचं दार लागलं. मी ताटातलं पीठ कागदावर काढलं, ताट धुतलं.

दुपारी आमटी केली.

"आई, नारळ नाही घातला? संपला का?" मुलाने विचारलं.

"संपला," मी म्हणाले.

वीकेंडला मित्र येऊन डबा घेऊन गेला. नारळ तिथेच होता. तो मी नंतरही काढला नाही.