चाक थांबवणाऱ्या मावशी

बोलायच्या आधी मावशी शिवणाच्या मशीनचं चाक तळहाताने थांबवायच्या. चाक थांबलं की समजायचं, आता कोणाची तरी खैर नाही. घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्या झबली, परकर, पोलकी शिवायच्या. मोठी माणसं मुलांना थापा मारताना दिसली की त्या भडकायच्या. "पोरांशी खोटं बोलू नका," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ होतं. डॉक्टरची सुई दुखत नाही असं कोणी म्हणालं, तर "दुखते. पण लगेच थांबते," हे गॅलरीभर ऐकू जायचं. तुमच्याही शेजारात अशी एखादी बाई असेल. तिला सगळे टरकून असतात, आणि पोरं मात्र तिच्याच दारात बसलेली असतात.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईसह महाराष्ट्र मिळावा म्हणून माणसं रस्त्यावर उतरली होती आणि पोलीस गोळ्या झाडत होते. माझ्या तान्ह्या भावाची ती पहिली संक्रांत. बोरन्हाणाला त्याच्या अंगावर हलव्याचे दागिने हवेत, तेही दादरचेच, असा हट्ट मी धरला. मी सात वर्षांची होते. बाबा कचेरी सुटल्यावर दादरला उतरले. ते परत आले नाहीत.

सगळे मला सांगू लागले, बाबा देवाघरी गेले. आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला आत्या माझ्यासमोर सांगायची, "पोरीने हट्ट धरला म्हणून गेला गं माझा भाऊ!" मी जेवेनाशी झाले. अजूनही ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं.

एक दिवस मावशींच्या दारात बसून मी विचारलं, "मी हट्ट केला म्हणून देवाने नेलं का बाबांना?"

चाक थांबलं. मावशींनी मला हाताला धरून थेट आमच्या घरात नेलं आणि आत्यासमोर उभं केलं.

"नीट ऐक गं. तुझ्या बाबांना गोळी घातली. पोलिसाने. वरून हुकूम आला म्हणून. देवाकडे बंदूक नव्हती, आणि तुझ्याकडे तर नव्हतीच. तू हलवा मागितलास. सगळी पोरं मागतात."

"अहो, लहान आहे ती," आत्या म्हणाली.

"लहान आहे, मग तिच्या डोक्यावर एवढा धोंडा कशाला ठेवलात? हिंमत असेल तर हुकूम देणाऱ्यांना बोला ना!"

मी तेव्हा पहिल्यांदा रडले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

घरात वर्षभर सण नाही, असं आत्या बजावत होती. तरी रथसप्तमीच्या आत मावशींनी बोरन्हाण घातलंच. काळं झबलं त्यांनीच शिवलं. हलव्याचे दागिने नव्हते, पण बोरं, चुरमुरे, उसाचे करवे होते. शेजारणी ताम्हन घेऊन पुढे झाल्या, तशा मावशी कडाडल्या, "आई आहे ना त्याची! तीच ओवाळेल." शेजारणींपैकी दोघी उठून गेल्या. गेल्या तर गेल्या.

तीनेक वर्षांनी मावशी वारल्या. आईला त्यांनी शिवण शिकवलं होतं, म्हणून मशीन आमच्याकडे आलं. एकदा मी रुमालाला टीप मारत होते. आत्याकडे राहून आलेला भाऊ शेजारी येऊन उभा राहिला.

"ताई, बाबा देवाघरी गेले ना गं?"

मी तळहाताने चाक थांबवलं.