किरणांना इरलं नाही

अंतराळवीरांना किरणोत्सारापासून वाचवू शकेल असं साहित्य मी प्रयोगशाळेत तपासते. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या वाडीत हे कुणाला सांगायच्या फंदात मी पडत नसे. पण एका गणपतीत मुंबईकर मंडळींनी सत्यनारायणाच्या पूजेनंतर माझं भाषण ठेवलं आणि मला चेव आला.

देवळाच्या ओट्यावर मी आईचं जुनं इरलं वर धरलं. लावणीत वाकलेल्या बाईच्या पाठीवरचा पाऊस हे अडवतं, म्हटलं. अंतराळात किरणांचा मारा असतो, तिथेही इरलं लागतंच. मागून कुणीतरी म्हणालं, शिशाचं करायचं. मी ऐटीत सांगितलं, की तिथे शिसं उलट घात करतं. वेगवान कण त्याच्या जड अणूंवर आदळले की त्यातून आणखी कण उडतात. त्यापेक्षा हायड्रोजन भरपूर असलेलं साधं पॉलिथिलीन बरं, आपल्या पाण्याच्या टाकीचं असतं तसलं. पिशवीतून पाटीएवढी, दोन बोटं जाड पांढरी लादी काढून दाखवली. टाळ्या हव्या होत्या, म्हणून शेवटी आवाज खाली आणला.

"पण खरं सांगू? माणसाला आतून नासवणाऱ्या या किरणांना पुरतं अडवेल असं इरलं अजून कुणालाच जमलेलं नाही."

टाळ्या मिळाल्या. आई पहिल्या रांगेत बसली होती.

पुढच्या शिमग्यात आईचा आवाज बसला तो बसलाच. जन्मभर मिश्री लावलेली. घशात गाठ निघाली. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, मुंबईचे म्हणाले, किरणं देऊ, बऱ्या होतील, फक्त वेळ घालवू नका. आई खुर्चीतून उठलीच.

"किरण नको. तूच म्हनलीस, त्याला इरलं नाय."

मी समजावलं. ते अंतराळातले किरण चहूकडून येतात, हे मोजूनमापून फक्त गाठीवर सोडतात. तिला ती खोलीही दाखवली. तिथेच चुकलं.

"दरवाजा बघितलास? हातभर जाड हाय. सगली भायेर जानार नि मला एकटीला आत ठेवनार. चांगलं असतं तर पलाली असती का?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं अर्ध्या तासाचं. ते तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरी निघून गेली. वाडीतल्या बायका तिच्याच बाजूने बोलायच्या. भाषण त्यांनीही ऐकलं होतं.

दर पंधरा दिवसांनी मी रेल्वेने वीर स्टेशनला उतरायचे, रिक्षाने महाड, एसटीने पोलादपूर, मग चढण चढून तिच्याशी भांडायचे आणि हात हलवत परत यायचे. पावसाळा असाच गेला. भातकापणीच्या दिवसांत तिला पेजसुद्धा गिळेना, तेव्हा मी ती लादी तिच्या मांडीवर ठेवली.

"ही छातीशी ठेवली की बाकीच्या अंगाला काही होत नाही."

हे साफ खोटं होतं. इतक्या महिन्यांत मी सांगितलेलं एकही खरं तिला पटलं नव्हतं, हे पटलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी तिला तपासून मला बाजूला घेतलं. इतके महिने काय करत होतात, त्यांनी विचारलं. आता गाठ जाणार नव्हती, किरणांनी दुखणं तेवढं कमी होणार होतं. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. माघात ती गेली. दुखण्याने नेलं, असं वाडी म्हणते. मला तसं म्हणता येत नाही.

पण किरणांच्या पहिल्या दिवसाचं सांगायला हवं. तिला आत न्यायला माणूस आला. लादी आत नेऊ देणार नाहीत, हे मला माहीत होतं, आणि ती आता तिच्याकडून काढून कशी घ्यायची याच विवंचनेत मी होते. दरवाजापाशी तिने स्वतःच पदराखालून ती काढली आणि माझ्या हातात दिली. आवाज जवळजवळ गेलाच होता, मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"तू ठेव गो. माजं काय ऱ्हायलंय आता. तू रोज त्या किरनात काम करतीस."

मी ती घेतली. खरं काय ते तेव्हाही बोलले नाही. दरवाजा लागला, आणि तो उघडेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर लादी छातीशी धरून बसले.